नुसत्या सायकल मोजू नका, हर्ट्झपण लिहा: मेम्ब्रेन विकत घेणाऱ्यांना बडोद्याहून एक खुलं पत्र

बडोद्यातले आणि मकरपुरा, नंदेसरी, रणोली, वाघोडिया, सावली इथल्या कारखान्यांतले परचेसवाले, क्वालिटीवाले, मेंटेनन्सवाले, आणि पाण्याच्या-सांडपाण्याच्या कामांची टेंडरं लिहिणारे सगळे साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी गेली बावीस वर्षं रबर आणि प्लास्टिकच्या टेस्टिंगमध्ये आहे, आधी एका कारखान्याच्या लॅबमध्ये आणि आता एका छोट्या खाजगी लॅबमध्ये. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्या सहीचे रिपोर्ट फाईलला लावले असतील, आणि म्हणूनच हे पत्र लिहिताना मला वाटतंय की यातली थोडी चूक माझीपण आहे, कारण तुम्ही जे विचारलं नाही ते मी इतकी वर्षं लिहिलं नाही.

झालं असं की मागच्या महिन्यात एक टेंडर हातात आलं. सांडपाणी प्लँटच्या एअरेशन टँकमध्ये, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडायच्या टाकीत, तळाला हवेचे बुडबुडे सोडणारे जे डिफ्यूझर बसवतात त्यांच्या रबरी मेम्ब्रेनसाठी, म्हणजे पातळ पडद्यांसाठी होतं, ईपीडीएम नावाच्या रबराच्या. त्यात फटीगबद्दल, म्हणजे पुन्हा पुन्हा ताणून-सोडून माल थकण्याबद्दल, एकच ओळ: मेम्ब्रेनने किमान ३०,००० सायकल (एकदा ताणलं आणि सोडलं की एक सायकल) क्रॅक न जाता पूर्ण केल्या पाहिजेत. बस. मी बसून हिशोब केला की हा आकडा आला कुठून. समजा हवा देणारा ब्लोअर दिवसातून आठ वेळा चालू-बंद होतो, तर वर्षाला २,९२० आणि दहा वर्षांत २९,२००, म्हणजे लिहिणाऱ्याने दहा वर्षांचं आयुष्य धरून नीट विचार करूनच लिहिलंय, आणि त्याबद्दल मला खरंच आदर आहे कारण बहुतेक जण एवढंही करत नाहीत. पण आता हेच लॅबमध्ये कसं होणार ते बघा. मी मशीन १ हर्ट्झवर लावलं, म्हणजे सेकंदाला एक सायकल, तर ३०,००० सायकलला ३०,००० सेकंद, म्हणजे आठ तास वीस मिनिटं. सकाळी आठला चालू केलं तर संध्याकाळी चार वाजून वीस मिनिटांनी तुमची दहा वर्षं पूर्ण, आणि मी पास असा शिक्का मारायचा, कारण टेंडरमध्ये दुसरं काही लिहिलेलंच नाही.

आणि खऱ्या टँकमध्ये काय होतं? ब्लोअर चालू झाला की मेम्ब्रेन फुग्यासारखी वर येते, तिच्यावरच्या बारीक चिरा उघडतात, हवा बाहेर पडते, आणि ती तशी ताणलेली तास-दीड तास राहते, मग ब्लोअर बंद झाला की खाली बसते आणि चिरा मिटतात. दिवसाचे बारा तास ताणलेली धरली तर दहा वर्षांत ४३,८०० तास ती मेम्ब्रेन ताणाखाली असते. माझ्या लॅबमध्ये ती ताणाखाली किती वेळ होती, तर प्रत्येक सायकलचा अर्धा सेकंद धरून एकूण चार तास दहा मिनिटं. सायकलचा आकडा दोन्हीकडे सारखा, आणि ताणाखालचा वेळ कुठे ४३,८०० तास आणि कुठे चार तास. याला आपण एकच टेस्ट कसं म्हणायचं?

मला एवढंच सांगायचंय या पत्रात, की पॉलिमरच्या, म्हणजे रबर-प्लास्टिकच्या, मेम्ब्रेनसाठी नुसत्या सायकलचा आकडा ही अर्धी माहिती आहे, त्या सायकल किती वेगाने दिल्या ते लिहिलं नाही तर त्या आकड्याचा काही अर्थ लागत नाही.

ही सवय आपल्याला लागली ती लोखंडामुळे असं मला वाटतं. फटीगचं सगळं शास्त्रच मुळात धातूंवर उभं राहिलं, १८५० च्या दशकापासून जर्मनीत ऑगस्ट वोलर रेल्वेच्या आसांवर प्रयोग करत होता, आणि पुढे १९६० च्या सुमाराला अमेरिकेत पॉल पॅरिसने सांगितलं की दर सायकलला क्रॅक किती पुढे सरकेल ते क्रॅकच्या टोकाशी ताण किती वर-खाली होतो त्याच्या घातावर (पॉवरवर) ठरतं. आपण सगळे कॉलेजात हेच शिकलो. आणि साध्या हवेत, नेहमीच्या तापमानाला, स्टीलच्या बाबतीत तुम्ही १ हर्ट्झवर टेस्ट करा नाहीतर २० हर्ट्झवर, फारसा फरक पडत नाही हे खरं आहे. म्हणून मेकॅनिकलवाल्यांच्या डोक्यात सायकल म्हणजे सायकल. (खारं पाणी किंवा ॲसिड असेल तर स्टीललाही वेगाने फरक पडतो, संथ सायकलमध्ये गंजायला वेळ मिळतो, पण तो विषय वेगळा.)

पॉलिमर तसा नाही हो. घरात संक्रांतीला गुळाचा पाक करताना बघितलं असेल, जरा निवत आलेला पाक हळूच ओढला तर तार सुटते, लांबत जाते, आणि तोच पाक त्याच वेळी चमच्याने फटकन मारला तर तुकडा उडतो. पाक तोच, गरमही तेवढाच, फक्त वेग बदलला. प्लास्टिक आणि रबर आतून असंच आहे, लांबलचक साखळ्यांचा गुंता, त्या साखळ्यांना सरकायला, सुटायला, पुन्हा बसायला वेळ लागतो, आणि तुम्ही त्यांना किती वेळ देता त्यावर तो माल मऊ वागणार की कडक वागणार ते ठरतं. म्हणून वेग वाढवला की एकाच वेळी दोन उलट्या गोष्टी होतात आणि इथेच सगळा घोळ आहे.

पहिली गोष्ट संथ बाजूची. सायकल जितकी संथ तितका क्रॅकच्या टोकाशी ताण जास्त वेळ राहतो, तिथल्या साखळ्या हळूहळू एकमेकींतून सुटत जातात, आणि एका सायकलमध्ये क्रॅक जास्त पुढे जातो. टोकाची स्थिती धरली, म्हणजे नुकसान पूर्णपणे वेळेवरच अवलंबून आहे असं मानलं, तर वेग दहापट कमी केला की दर सायकलला क्रॅक दहापट जास्त वाढेल आणि फुटायला लागणारे तास तेवढेच राहतील. दुसरी टोकाची स्थिती म्हणजे नुकसान पूर्णपणे सायकलवरच, मग सायकल तेवढ्याच आणि तास बदलतील. खरा माल या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि कुठे असतो ते मालागणिक बदलतं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठात हर्ट्झबर्ग आणि मॅन्सन यांनी यावर भरपूर काम केलं, त्यात दिसलं की ॲक्रिलिक, पॉलिस्टायरीन, पीव्हीसी यांच्यात वेग वाढवला की दर सायकलची क्रॅकवाढ चांगलीच कमी होते, आणि पॉलिकार्बोनेट, नायलॉन यांच्यात फारसा फरक दिसत नाही. म्हणजे एका मालावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. रबरातही तेच, नैसर्गिक रबर खूप ताणलं की त्याच्या साखळ्या रांगेत येऊन स्फटिक बनतात आणि क्रॅकला तिथेच अडवतात, म्हणून ताण नुसता धरून ठेवला तर क्रॅक सहसा थांबून राहतो, पण स्टायरीन-ब्युटाडाईन रबरासारख्या ज्या रबरांत हे स्फटिक बनत नाहीत त्यांच्यात ताण धरून ठेवला तरी क्रॅक हळूहळू चालत राहतो, त्यामुळे संथ सायकल त्यांना जास्त जड जाते.

हे मी स्वतः बघितलंय म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका केमिकल युनिटमधून डोसिंग पंपाचा, म्हणजे केमिकल मोजून सोडणाऱ्या पंपाचा, फुटलेला डायफ्राम (आतला हलणारा रबरी पडदा) माझ्याकडे आला. सोबत सप्लायरचा रिपोर्ट होता, डी मॅटिया मशीनवर ३ लाख फ्लेक्स, क्रॅक नाही. आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, डी मॅटिया ही रबरची जुनी आणि चांगली टेस्ट आहे, पट्टी वाकवायची-सरळ करायची, मिनिटाला ३०० वेळा, म्हणजे ५ हर्ट्झ. ३ लाख फ्लेक्स म्हणजे हजार मिनिटं, सोळा तास चाळीस मिनिटं. आणि पंप चालत होता मिनिटाला बारा स्ट्रोकवर, दहा दिवस सलग चालला आणि फुटला, म्हणजे साधारण १,७२,८०० स्ट्रोक. मीटिंगमध्ये परचेसवाले म्हणत होते की सप्लायरने खोटा रिपोर्ट दिला, ३ लाख म्हणाला आणि पावणेदोन लाखालाच गेलं. सप्लायर बिचारा रडकुंडीला आला होता, तो म्हणत होता मॅडम मशीनवर तुमच्यासमोर लावून दाखवतो, आणि त्याने लावून दाखवलंही, खरंच ३ लाख झाले. कोणीच खोटं बोलत नव्हतं. लॅबमध्ये तो माल सोळा-सतरा तास वाकत होता आणि पंपात दोनशे चाळीस तास. तासांत मोजलं तर पंपातला डायफ्राम चौदापट जास्त टिकला होता, सायकलमध्ये मोजलं तर निम्म्याच्या आसपास. आता पंपात केमिकल होतं, शेडमध्ये उकाडा होता, डायफ्रामचा आकार पट्टीपेक्षा वेगळा होता, त्यामुळे सगळं खापर मी वेगावर फोडणार नाही, पण मुद्दा हाच आहे की रिपोर्टवर वेग, तापमान काहीच नव्हतं म्हणून कशाचा किती वाटा ते आम्हाला ठरवताच आलं नाही, आणि त्या सप्लायरचं नाव मात्र यादीतून गेलं ते गेलंच. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

आता दुसरी गोष्ट, वेगवान बाजूची. पॉलिमर ताणून सोडलं की दिलेली सगळी ताकद परत मिळत नाही, थोडी दर सायकलला उष्णता होऊन आतच राहते. सेकंदाला जितक्या सायकल जास्त तितकी उष्णता जास्त, आणि ताण वाढवला तर त्याच्या वर्गाने वाढते. आणि प्लास्टिकची उष्णता बाहेर टाकायची ताकद साध्या स्टीलपेक्षा शेकडो पटीने कमी. त्यामुळे जाड सँपल जोरात हलवलं की आतून तापतं, मऊ होतं, आणि तुम्हाला वाटतं क्रॅक जाऊन फुटलं पण खरं तर ते वितळायच्या बेताला येऊन लोळलेलं असतं. आमच्या जुन्या लॅबमध्ये एकदा जाड नायलॉनच्या सँपलवर घाईघाईत २५ हर्ट्झवर टेस्ट लावली होती कारण साहेबांना सोमवारी रिपोर्ट हवा होता. मशीनवरचे ऑपरेटर काका गुजराती, त्यांनी सँपल काढताना हात झटकला आणि म्हणाले, "बेन, आ तो गरम गरम छे." त्यांनी सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर आम्ही माल खराब म्हणून लिहून मोकळे होणार होतो. मग तीच टेस्ट ३ हर्ट्झवर, पंखा लावून केली तर सँपल कितीतरी जास्त चाललं. म्हणजे एकीकडे जोरात टेस्ट करून कमकुवत माल पास होतो आणि दुसरीकडे जोरातच टेस्ट करून चांगला माल नापास होतो. कुठलं होईल ते माल, जाडी आणि ताण यावर ठरतं, आणि म्हणूनच "आम्ही जरा कडक टेस्ट करतो, वेग वाढवून" हे वाक्य ऐकलं की मला भीती वाटते.

आणि इथे मेम्ब्रेनचा खास मुद्दा येतो. मेम्ब्रेन पातळ असते. पातळ वस्तू दोन्ही बाजूंनी पटकन थंड होते, त्यामुळे तिच्यात तापण्याचा त्रास कमी आणि वेळेचा परिणाम, रेंगाळणारा ताण, हाच मोठा. पण टेस्ट करताना बरेच जण काय करतात, त्याच कंपाउंडची दोन-चार मिलिमीटर जाड शीट घेऊन डंबेलच्या आकाराचे तुकडे कापतात आणि त्यावर फटीग करतात, कारण पातळ मेम्ब्रेन पकडीत धरणं त्रासाचं आहे, कडेला घडी पडते, पकडीतच फाटते. मग जाड डंबेल तापून जातो, मेम्ब्रेन कधीच तापणार नसते, आणि आपण एकाचा निकाल दुसऱ्याला लावतो. पातळ मेम्ब्रेनसाठी ब्लिस्टर टेस्ट बरी, गोल रिंगमध्ये मेम्ब्रेन कडेने धरायची आणि खालून हवेचा दाब द्यायचा-सोडायचा, फुगा वर येतो-बसतो, ताण दोन्ही दिशांनी येतो जसा खऱ्या कामात येतो, आणि गळती सुरू झाली की फुटली असं धरायचं.

अजून एक गोष्ट जी मला स्वतःला कळायला फार वर्षं लागली. वेग वाढला की पॉलिमर कडक होतो. आता तुम्ही मशीनला सांगितलंय की दर वेळी इतके मिलिमीटर ताण, तर कडक माल तेवढ्याच ताणण्याला जास्त फोर्स घेईल. पण मशीनला सांगितलं की इतका फोर्स दे, तर कडक माल कमी ताणला जाईल. म्हणजे वेग वाढवल्याचा परिणाम एका पद्धतीत माल जास्त थकण्याकडे आणि दुसऱ्या पद्धतीत कमी थकण्याकडे जाऊ शकतो. आणि घात मोठा असल्यामुळे हे किरकोळ नसतं, पॅरिसच्या सूत्रात घात ६ धरला तर ताणात नुसती १० टक्के वाढ झाली तरी क्रॅकचा वेग पावणेदोन पटीच्या वर जातो. रिपोर्टमध्ये फोर्स कंट्रोल की डिस्प्लेसमेंट कंट्रोल हे दोन शब्द लिहायला काहीच पडत नाही, पण ते नसतील तर दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे एकाचं वजन आणि दुसऱ्याची उंची ताडून बघणं आहे.

पाण्याचं आणि केमिकलचं तर वेगळंच. मेम्ब्रेनच्या आत काहीही शिरायला वेळ लागतो, आणि तो वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, जाडी दहापट तर वेळ शंभरपट. वेगवान टेस्टमध्ये क्लोरीन, ओझोन, तेल, ॲसिड यांना क्रॅकच्या टोकाशी पोचून काम करायला सवडच मिळत नाही. एअरेशनच्या मेम्ब्रेनमधून मऊपणासाठी घातलेलं तेल सांडपाण्यात हळूहळू निघून जातं, रबर कडक होतं, आणि मग त्या कडक रबराला चालू-बंद सोसावं लागतं. आठ तासांच्या टेस्टमध्ये यातलं काय दिसणार?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमधली मेम्ब्रेन. नाफिऑनसारखा पॉलिमर, जाडी कधी कधी फक्त २५ मायक्रॉन, आणि तिच्यावर बाहेरून कोणी ओढत नाही, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, सुक्यापासून भिजेपर्यंत लांबी-रुंदीत १० टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, आणि चारही बाजूंनी पकडलेली असल्यामुळे आकसताना आपोआप ताण येतो. हाच ताण पुन्हा पुन्हा येऊन तिच्यात आरपार क्रॅक जातो आणि हायड्रोजन पलीकडे गळायला लागतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने यासाठी जी टेस्ट ठरवली तिच्यात ८० डिग्रीला दोन मिनिटं कोरडी हवा, दोन मिनिटं ओली हवा, अशा २०,००० सायकल आहेत. चार मिनिटांची एक सायकल, म्हणजे ८०,००० मिनिटं, साडेपंचावन्न दिवस. त्यांना काय घाई नसेल? असेलच. पण चार मिनिटांचं चार सेकंद केलं तर मेम्ब्रेन धड वाळणार नाही आणि धड भिजणारही नाही, पूर्ण ताण येणारच नाही. शिवाय त्या ओल्या दोन मिनिटांत फुगलेली मेम्ब्रेन आतल्या आत दबून सैलावते, आणि त्यामुळेच पुढच्या वेळी वाळताना ताण जास्त येतो. म्हणजे नुसता वेग नाही, प्रत्येक टोकाला किती वेळ थांबलो हेपण मोजावं लागतं. एकच हर्ट्झ असलेल्या दोन टेस्ट, एक साईन वेव्हची, म्हणजे न थांबता वर-खाली होणारी, आणि एक वर जाऊन थांबणारी, यांचा निकाल वेगळा येऊ शकतो.

हे मी आत्ता मुद्दाम लिहितेय कारण जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं आणि आपल्या भागात रिफायनरी, खत, पेट्रोकेमिकल सगळंच हायड्रोजन वापरणारं आहे. उद्या सोलरवर चालणारे, पाण्यातून हायड्रोजन काढणारे इलेक्ट्रोलायझर येतील, त्यातही मेम्ब्रेन असतात, आणि सूर्यावर चालणारं मशीन सकाळी चालू होतं आणि संध्याकाळी बंद, म्हणजे दिवसाला एक मोठी सायकल. १ हर्ट्झची टेस्ट त्या सायकलपेक्षा ८६,४०० पटीने वेगवान. मग तेव्हाही टेंडरमध्ये नुसतं "१०,००० सायकल" लिहिणार का आपण, जे माझं मशीन पावणेतीन तासात करून देईल?

कोणी म्हणेल की मग हृदयाच्या व्हॉल्व्हची टेस्ट कशी जोरात करतात. बरोबर आहे, करतात. मिनिटाला ७० ठोके धरले तर वर्षाला पावणेचार कोटींच्या जवळपास उघडझाप, आणि आंतरराष्ट्रीय मानक लवचिक पाकळ्यांच्या व्हॉल्व्हसाठी २० कोटी सायकल मागतं, म्हणजे खऱ्या वेगाने पाच वर्षांहून जास्त. तेवढं कोण थांबणार, म्हणून १५ हर्ट्झच्या आसपास चालवून पाचेक महिन्यांत संपवतात. पण तिथे वेग लिहिलेला असतो, दर सायकलला पाकळ्या पूर्ण उघडतात-मिटतात का आणि दाब पूर्ण येतो का ते तपासतात, आणि ही टेस्ट म्हणजे शरीरातली पाच वर्षं नव्हेत हे सगळ्यांना माहीत असतं, कॅल्शियम जमणं वगैरे वेगळं तपासतात. जोरात टेस्ट करायला माझा विरोध नाहीच आहे. वेग लपवून ठेवायला आहे.

तर माझं मागणं असं आहे. पुढच्या वेळी स्पेसिफिकेशन लिहाल तेव्हा सायकलच्या आकड्यासमोर हर्ट्झ लिहा आणि एकूण तासपण लिहायला लावा. ताणाचा वरचा आणि खालचा आकडा, वेव्हचा आकार, टोकाला थांबण्याचा वेळ, फोर्स की डिस्प्लेसमेंट, हे मागा. तापमान खोलीचं नको, सँपलच्या अंगावरचं मागा, कारण लॅबमध्ये एसी २३ डिग्रीवर असतो आणि आपल्या मे महिन्यातल्या शेडमध्ये काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको, आणि पॉलिमरला गरमी देणं हे बऱ्याच अंशी त्याला जास्त वेळ देण्यासारखंच असतं. शक्य असेल तिथे टेस्ट खऱ्या जाडीच्या मेम्ब्रेनवर आणि खऱ्या पाण्यात किंवा केमिकलमध्ये करायला सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका वेगावर थांबू नका, कमीत कमी दोन, जमलं तर तीन वेग, एकमेकांपासून दहापटीच्या अंतरावर. तिन्ही निकाल सायकलमध्ये जुळले तर समजा हा माल सायकल मोजतो, तुम्ही जोरात टेस्ट करू शकता. तासांत जुळले तर हा माल घड्याळ बघतो, आणि मग तुमचा ३०,००० चा आकडा विसरून जा आणि तासांचा विचार करा.

खर्चाचं म्हणाल तर मला माहीत आहे तुमच्यावर किती दबाव असतो. १ लाख सायकल ०.१ हर्ट्झवर करायच्या तर साडेअकरा दिवस मशीन अडकतं, आणि कोणतीही लॅब त्याचे पैसे लावणारच. पण फुटेपर्यंत चालवायची गरजच नाही. सँपलला आधीच ब्लेडने ठरलेल्या मापाची छोटी चीर द्यायची आणि दर सायकलला ती किती वाढते ते कॅमेऱ्याने मोजायचं. ०.१ हर्ट्झवर ५,००० सायकल चौदा तासांत होतात, रात्री लावून घरी जायचं, सकाळी चहाच्या वेळी आकडा तयार. ०.०१ हर्ट्झवर १,००० सायकल म्हणजे अठ्ठावीस तास. एवढ्यात चीर मोजता येण्याइतकी वाढेल असा ताण निवडायचा, आणि तोच ताण तिन्ही वेगांना ठेवायचा. तीन दिवसांत तुम्हाला कळतं की वेग कमी केल्यावर चीर जोरात धावते की नाही. एका डोसिंग पंपाच्या बंद पडलेल्या दिवसाचा खर्च याच्यापेक्षा किती जास्त असतो ते मेंटेनन्सवाल्यांना विचारा.

माझे आजोबा कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ती संस्था काढली ती कारागिराच्या पोराला मोजमाप आणि रसायन दोन्ही यावं म्हणून, आणि आजही तिथेच विद्यापीठाची इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे. दांडिया बाजारच्या घरात आजोबांची एक वही होती, मराठीत लिहिलेली, त्यात प्रत्येक आकड्यापुढे एकक, आणि एका पानावर एका आकड्यापुढे एकक राहिलं होतं तर तो अख्खा आकडा खोडलेला. मी शाळेत असताना विचारलं होतं की एकक मागून लिहिलं असतं तर चाललं नसतं का, तर म्हणाले, तेव्हा कशात मोजलं होतं ते आता आठवत नाही, मग ठेवून काय करू. या महिन्यापासून मीपण तेच करणार आहे. माझ्या लॅबमधून वेग, सँपलचं तापमान आणि तास लिहिल्याशिवाय फटीगचा एकही रिपोर्ट बाहेर जाणार नाही, तुम्ही मागा किंवा मागू नका, आणि त्याचे जादा पैसे मी घेणार नाही. दोन वेगांची टेस्ट कशी असते ते ज्यांना डोळ्याने बघायचंय त्यांनी आपल्या गोदामातली जुनी, बदलून काढलेली मेम्ब्रेन घेऊन या, नवीन नको, वापरलेलीच आणा, आणि ती किती तास आणि किती सायकल चालली ते लॉगबुकमधून उतरवून आणा. चीर देऊन संध्याकाळी लावू, दुसऱ्या दिवशी सकाळी सोबत बसून मोजू.

आपली नम्र,
बडोद्याची एक रबर टेस्टिंगवाली